तिघींचं टेबल

वडील गेल्यापासून आई सेलूच्या घरात एकटी राहते आणि मी नोकरीपायी जिंतूरला. तिला शुगर आहे. जेवणाआधी पोटात इंजेक्शन घ्यावं लागतं आणि एकदा घेतलं की वीस-पंचवीस मिनिटांत अन्न पोटात जायलाच हवं. म्हणून मी रोज दुपारी एकच्या सुमाराला फोन करते. "जेवलीस का?" "जेवले." एवढंच बोलणं असायचं. तो एक शब्द कानावर पडल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आईनं शहर कधी पाहिलेलं नव्हतं. तिला सरकता जिना पाहायचा होता, बाकी काही नको. सकाळच्या गाडीनं संभाजीनगर गाठायचं आणि संध्याकाळी परतायचं असं ठरलं. सोबतीला पाथरीहून मावशी आली. लोक शहरात काय बघायचं ते ठरवतात, मी कुठं आणि किती वाजता खायचं ते ठरवलं. आठवडाभर मोबाइलमधले नकाशे धुंडाळले. साडेनऊला इडली, साडेअकराला कॅफेत बिनसाखरेचा चहा, एकला थाळी, चारला पुन्हा चहा. कुणाला किती स्टार आहेत, बसायला पंखा आहे का, सगळं पाहून यादी केली. मी शाळेत वेळापत्रक लावणारी बाई आहे, माझ्या वेळापत्रकाला मुख्याध्यापकही हात लावत नाहीत.

सेलू स्टेशनच्या फाटकाशी मावशी एकदम खाली वाकली. गाडीची घोषणा झालेली.

"काय वेचायलीस गं? चल की!" मी खेकसले.

"चल माय, आले," म्हणत ती पदर सावरत धावली.

इडलीच्या हॉटेलात पोऱ्यानं पाण्याचे चार ग्लास ठेवले. मी तिघी आहोत म्हटलं. त्यानं एक उचलला आणि दाराकडं बघत बराच वेळ तसाच उभा राहिला. टेबल चौघांचं होतं, खुर्च्या चार, त्याची चूक नव्हती. पण कॅफेतही चार कप आले. तीन बिनसाखरेचे, एक साखरेचा.

"आम्ही तीनच सांगितले होते."

"चार सांगितले ना मॅडम," तो मुलगा म्हणाला. मी भांडून तो कप परत पाठवला. आई त्या जाणाऱ्या कपाकडं बघत राहिली.

सरकत्या जिन्यावर आई लहान पोरीसारखी हसली. वर पोचल्यावर मात्र ती पटकन बाजूला झाली आणि मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी उभी राहिली. मागं कुणी नव्हतं. मी घड्याळ बघत होते. थाळीची वेळ होत आली होती.

रिक्षात मी आईला इंजेक्शन घ्यायला लावलं.

"तितं पोचल्यावर घिऊ दे की," मावशी म्हणाली.

"पोचायला दहाच मिनिटं आहेत. मी बघून ठेवलंय."

थाळीच्या हॉटेलचं शटर खाली होतं. कुलपावर धूळ बसलेली. मोबाइल मात्र 'उघडे आहे' असंच सांगत होता. आजही ते आठवलं की स्वतःला दोन मुस्काटात माराव्यात असं वाटतं. विचारत विचारत दुसरं हॉटेल सापडेपर्यंत अर्धा तास गेला. तिथं ही गर्दी. कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं, चौघांचंच. जेवण सांगितलं, पण ते काही येईना. आईच्या कपाळावर घाम डवरला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "दार लावून घे, शेळी आत यायली."

मी घाबरले. तिची साखर एकदम उतरली होती. पर्सच्या बाजूच्या कप्प्यात खडीसाखरेची पुडी होती, खास अशा वेळेसाठीच ठेवलेली. न बघता हात घातला, बोटांना खडा लागला, तो काढून मी तिच्या ओठांशी नेला. मावशी किंचाळली. माझ्या हातात दगड होता. करड्या रंगाचा, सुपारीएवढा.

"साखर गाडीत मी खाल्ली गं," मावशी रडायला लागली. "जागा व्हती म्हनून त्यो तितं ठिवला."

मी वेटरला हाक मारायला वळले, तर तो शेजारीच उभा. त्यानं सरबताचा ग्लास ठेवला. "लिंबू सरबत, साखर जास्त. तुमच्यातल्या चौथ्यांनी सांगितलं, आधी हेच द्या म्हणून."

सकाळपासून दोनदा मी ठासून सांगितलं होतं की आम्ही तिघीच आहोत. त्या वेळी मी ग्लास ओढून घेतला. घोट घोट करून सरबत आईच्या घशात उतरवलं. पाच-दहा मिनिटांत तिची नजर जागेवर आली. नंतर मी वेटरला विचारलं, कोण होतं? तो गर्दीकडं बघत राहिला. "इथंच होते की आत्ता."

परतीच्या गाडीत आईनं तो दगड मुठीत धरून ठेवला होता. मावशीनं सांगितलं. तिघं मिळून निघू नये, निघालंच तर चौथं माणूस म्हणून एक खडा सोबत घ्यावा. परतल्यावर जिथला तिथं टाकावा. घरी न्यायचा नसतो. आमच्या घरात असलं काही कधी पाळलं गेलं नाही, वडिलांनी पाळू दिलं नाही. एरवी मी मावशीला चार शब्द सुनावले असते.

सेलूला फाटकाशी मावशी आईला म्हणाली, "टाक, अक्का." आईनं मूठ उघडली नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दिसभर उपाशी हाय त्यो. तिनं च्या बी पिऊ दिला न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी जिंतूरला आले. दुपारी मधल्या सुट्टीत डबा उघडून फोन लावला. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता.

"जेवलीस का?"

"आमी जेवलाव," आई म्हणाली. "तू जेव आता."

आम्ही म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून रोज ती हेच उत्तर देते. वेळेवर इंजेक्शन, वेळेवर जेवण, शुगर पहिल्यांदाच आटोक्यात आलीय. फोन ठेवून मी डब्यापुढं बसते, आणि घास मात्र उतरत नाही.