मी सात म्हणाले

हे मी मराठीत लिहितेय, कारण माझ्या कामातल्या एकालाही मराठी वाचता येत नाही. पाहा — पहिल्याच वाक्यात मी लपायला जागा शोधली. आईला हे ठाऊक नाही, बाबांना नाही, लंडनमध्ये, हॅरोतल्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल, असं वाटतंय.

मी दुभाषी आहे. एकाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगते. माझ्या कामातली एक भाषा इंग्रजी. दुसरी कोणती ते सांगणार नाही. ती सांगितली की देश कळेल, आणि देश कळला की माणसं कळतील.

लहानपणापासून मी कमी बोलते. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये उत्तर येत असूनही हात वर करायचे नाही. मी बारा वर्षांची असताना आईला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आम्ही इकडे आलो, आणि गप्प राहायला मला आणखी एक कारण मिळालं. मग हे काम का निवडलं? — कारण दुभाषी स्वतः काही बोलतच नाही. समोरचा म्हणतो 'मी', आपणही म्हणायचं 'मी', पण तो 'मी' त्याचा असतो. दिवसभर बोलूनही तुम्ही त्या खोलीत नसता. याहून सुखाची जागा मला माहीत नव्हती.

मंडळाच्या गणपतीत आईची मैत्रीण, सुमनकाकू, एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, मोठमोठ्या लोकांत उठबस आहे म्हणे तुझी! तिथे तरी तोंड उघडतेस का?"

"अहो, तोंड उघडायचीच नोकरी आहे तिची," बाबा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेनं मला केंब्रिजबाहेरच्या एका घरात कामाला बोलावलं. जगातल्या दोन बलाढ्य देशांचे नेते तेव्हा टीव्हीवर एकमेकांना वाटेल ते बोलत होते — आणि त्याच आठवड्यांत त्या दोघांची दोन विश्वासू माणसं या घरात एका टेबलाशी बसून चहात बिस्किटं बुडवत होती. नेत्यांना एकमेकांशी बोलायचं होतं, फक्त बोलताना दिसायचं नव्हतं. आपापले दुभाषी आणले असते तर आपापल्या ऑफिसात बातमी फुटली असती. म्हणून दोघांच्या मध्ये मी एकटी.

घराची व्यवस्था हेलनकडे होती. साठीच्या, निवृत्त, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन नियम सांगितले. एक, कुणी काहीही कागदावर लिहायचं नाही — निरोप नेत्यानं तोंडी दिलेला, तो डोक्यात घेऊन यायचं आणि उत्तर डोक्यात घेऊन जायचं. कागद फक्त माझ्या पॅडचा, तोही संध्याकाळी सगळ्यांसमोर श्रेडरमध्ये घालायचा. दोन, चहा घेऊन कुणी आत आलं की बोलणं जिथल्या तिथे थांबवायचं. दार बंद झालं की पुढे.

दोघांतले एक खूप म्हातारे होते. पांढऱ्या, जाड भुवया. ते माझ्या त्या दुसऱ्या भाषेत बोलत. रोज सकाळी मला पाहून म्हणत, "आली का माझी जीभ? चला, आता मी बोलू शकतो." दुसरे गृहस्थ चाळिशीतले, चपळ, इंग्रजीत बोलणारे. त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नाही. मला ते बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी विषय निघाला कैद्यांचा. म्हाताऱ्या गृहस्थांच्या देशाची काही माणसं त्या दुसऱ्या देशाच्या तुरुंगात होती. कुणाची सुटका मागायची, ती नावं त्यांच्या नेत्यानं त्यांना स्वतः सांगितली होती. त्यांनी डोळे मिटले आणि पाठ केल्यासारखी एकेक करून सांगायला सुरुवात केली. मी पॅडवर उतरवत गेले. सात नावं झाली, पान भरलं — आणि दार उघडलं. चहा. सगळे गप्प. कपांचा आवाज, दुधाचा जग, थँक यू, थँक यू. दार बंद झालं. म्हाताऱ्या गृहस्थांनी आणखी एक नाव सांगितलं, एका बाईचं, आणि लगेच सुटका कुठे आणि कशी व्हावी त्याकडे वळले. मी नव्या पानाच्या अगदी वरच्या कडेला ते नाव लिहिलं. खाली रेघ मारली. पुढचं रेघेखाली.

मग माझी पाळी आली. मी मागचं पान उलटलं, सात नावं वाचली, पुढच्या पानावर आले — आणि रेघेखालून सुरू केलं.

"ही सगळी माणसं आम्ही सोडू," दुसरे गृहस्थ म्हणाले.

मी तसं सांगितलं. एकाच्या मनात आठ, दुसऱ्याच्या मनात सात. दोघांनी हात मिळवले.

ही माझी चूक. पण मी जे सांगायला बसलेय ते हे नाही. चुका सगळ्यांच्या होतात, आणि आमच्या कामात त्यासाठी सरळ रीत आहे — 'दुभाषी दुरुस्ती करू इच्छिते' असं म्हणायचं आणि दुरुस्ती करायची. एवढंच. मला माझी चूक जेवणाच्या सुट्टीत कळली. पॅड चाळताना ते नाव दिसलं, पानाच्या कडेला. अजून अख्खी दुपार शिल्लक होती.

मी का बोलले नाही? त्या एका वाक्यासाठी मला त्या खोलीत यावं लागलं असतं. तिघांनी माझ्याकडे पाहिलं असतं. आदल्याच दिवशी हेलन म्हणाल्या होत्या की इतकी नेमकी मुलगी त्यांनी क्वचित पाहिली. मी ठरवलं — चहानंतर सांगू. मग ठरवलं, निघताना सांगू. संध्याकाळी पॅड श्रेडरमध्ये मी माझ्या हातानं घातलं. शेवटचं पान जाईपर्यंत तिथे उभी होते.

हेही नाही, अजून खरं पुढे आहे.

पाच आठवड्यांनी सुटका झाली. सात माणसं विमानातून उतरली. पुढच्या बैठकीत म्हातारे गृहस्थ आले ते भुवया आवळून. आठ ठरली होती, सात आली. दुसरे म्हणाले, तुम्ही सातच सांगितली होती. आवाज चढले. मी दोघांचाही चढा आवाज इमानदारीनं पलीकडे पोचवत होते — तुम्हाला कल्पना येतेय का? — 'तुम्ही खोटं बोलताय' हे मी दोन्ही भाषांत, 'मी' म्हणून, म्हणत होते.

मग हेलननी हात वर केला आणि माझ्याकडे वळल्या. "नावं तू स्वतः ऐकलीस. किती होती?"

कुणाचं भाषांतर नाही. माझं मलाच विचारलेलं.

"सात," मी म्हणाले.

एकदा इंग्रजीत. आणि म्हाताऱ्या गृहस्थांना कळावं म्हणून, एकदा त्यांच्या भाषेत.

ते माझ्यावर ओरडले असते तर कदाचित मी — नाही, हेही कशाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "ही म्हणते तर सातच असणार. माझंच चुकलं असेल. वय झालं." आणि ते वाक्यसुद्धा मला इंग्रजीत सांगावं लागलं. मी सांगितलं. माझंच चुकलं असेल, मी म्हणाले. वय झालं, मी म्हणाले.

त्यांनी त्या आठव्या बाईची सुटका तिथेच पुन्हा मागितली. दुसरे म्हणाले, नवं नाव म्हणजे नवी बोलणी, मला वर विचारावं लागेल. पुढच्या बैठकीला म्हातारे गृहस्थ आले नाहीत. निरोप विसरणारा माणूस त्यांच्या नेत्याला नको होता, असं हेलन म्हणाल्या. त्यांच्या जागी दुसरे कुणी आले, दोनदा बसले, उठून गेले. मग नेत्यांपैकी एकानं भाषणात काहीतरी बोलून टाकलं आणि ते घर बंद झालं.

आता सांगून काय होणार, सांगायचं तरी कुणाला, असं मी म्हणू शकते. पण 'सात' म्हटल्यानंतर ते घर चार महिने उघडं होतं. चार महिने मी त्याच दारातून आत-बाहेर करत होते. आणि हेलनचा नंबर आजही माझ्या फोनमध्ये आहे.

ती बाई पियानो शिकवायची. हे मला नंतर कळलं. त्या दुसऱ्या देशात ती एका कुटुंबाकडे शिकवायला गेली होती, तिथेच तिला पकडलं. गुन्हा काय, ते कधी जाहीर झालं नाही. तिची बहीण इथे, लंडनमध्ये राहते. दर शनिवारी ईलिंगला स्टेशनबाहेर घडीचं टेबल मांडून उभी असते. टेबलावर बहिणीचा फोटो आणि सह्यांचे कागद. इंटरनेटवर ते नाव शोधताना मला ती सापडली. होय, मी शोधते. अधूनमधून.

गेल्या शनिवारी मी तिथे गेले. सांगायला गेले होते का? खरंच माहीत नाही. लोक तिला वळसा घालून जात होते. मी थांबले तशी ती पुढे आली आणि अडखळत्या इंग्रजीत सांगू लागली — बहीण, पियानो, डाव्या डोळ्यानं आता नीट दिसत नाही असं पत्रात लिहिलंय. मध्येच शब्द सापडेना, तेव्हा तिच्या भाषेत स्वतःशीच पुटपुटली, "देवा, कसं सांगू हिला." मला तिची भाषा येते. ती बोलणं हेच माझं काम आहे. मी इंग्रजीतच म्हणाले, "इट्स ओके. टेक युअर टाइम."

"त्या वेळी सात जणांना सोडलं," ती म्हणाली. "ती यादीत होती, असं आम्हाला सांगितलं होतं. मग का नाही आली, कुणीच सांगत नाही."

मी कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. तिनं पेन पुढे केलं. मी सही केली, खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.

"आज सगळं वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि माझे आभार मानले. मी हात सोडवून घेतला नाही. आभारही घेतले.