जाळीवालं मैदान

आंतरशालेय सेमीफायनलमध्ये, सामना संपायला पाच मिनिटं उरलेली असताना, आमच्या शाळेचा गोलकीपर म्हणून मी क्रिकेटचा बॉल झेलला. दोन्ही हातांनी, छातीशी, अगदी सफाईने. फुटबॉल त्याच वेळी माझ्या डाव्या पायाशेजारून आत गेला.

मुलुंडच्या त्या मैदानावर ज्याने एखादा तरी रविवार काढलाय, तो मला माफ करेल. तिथे एका वेळी क्रिकेटचे पाच-सहा डाव चालायचे. एकाचा विकेटकीपर दुसऱ्याच्या फिल्डरला पाठ टेकून उभा. सामन्याआधी आमच्या पीटीच्या सरांनी चुन्याची रेघ मारून सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं होतं. ते सरकले. चार पावलं.

गोल म्हणजे दोन गंजके खांब आणि वर एक आडवी दांडी. जाळी नाही. गोल झाला की बॉल थेट मागच्या नाल्यात, आणि तो काढायचं काम गोलकीपरचं. माझी फुटबॉलची कारकीर्द बरीचशी त्या नाल्यातच गेली.

आमच्या कॅप्टनला मात्र जाळीचं वेड होतं. शाळा सुटल्यावर मैदानाच्या कठड्यावर बसून तो तेवढंच बोलायचा. "बॉल आत गेला ना, की जाळी मागे फुगते बघ. आणि बॉल तिथेच राहतो. एकदा तरी मारायचाय यार." फायनल वांद्र्याला होती, जाळीवाल्या मैदानावर. तो दहावीत होता. या स्पर्धेनंतर बूट माळ्यावर, असं त्याच्या बाबांनी सांगून ठेवलं होतं.

तर, शून्य-शून्य. समोर त्यांचा विंगर किक मारायला पाय उचलतोय, आणि डावीकडून आभाळात चढलेला एक बॉल नेमका माझ्याकडे येतोय. कोणीतरी ओरडलं, "कॅच, कॅच." ही हाक ऐकून हात वर न करणारा मुलगा आमच्याकडे अजून जन्मायचाय.

पलीकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. "झकास रे," म्हणत एकाने बॉलसाठी हात पुढे केला. मी तो नीट त्याच्या हातात टाकला. मग रेफरीची शिट्टी ऐकू आली.

कॅप्टन स्वतःच नाल्यात उतरला, बॉल काढला, आणून मधल्या रेघेवर ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आम्ही एक-शून्यने हरलो.

आता घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जागोजागी टर्फ झालेत. चारी बाजूंनी जाळी, डोक्यावरसुद्धा. मी मात्र तिथून जाताना अजून तो कठडा शोधतो, आणि न पाहिलेल्या जाळीबद्दल अंधार पडेपर्यंत बोलत बसणाऱ्या त्या कॅप्टनला.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी त्याला ओढून टर्फवर नेलं. आता चांगली ढेरी सुटलीये त्याला. रिकाम्या गोलमध्ये त्याने बॉल मारला. जाळी मागे फुगली, बॉल तिथेच राहिला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "दहावीत पाहिजे होतं रे."

मी म्हटलं, "मी उभा राहू का गोलमध्ये? जरा मजा येईल."

"तू बाहेर थांब. तुझ्यापेक्षा जाळी बरी अडवते."