पाणसळीखालचा खडा

फरशी बसवण्यात त्याचं आयुष्य गेलं. गुडघे झिजले तेव्हा काम सोडलं. बरोबरचे कामगार त्याला 'पाणसळ' म्हणत. पाणसळ म्हणजे फरशी सपाट आहे की नाही ते दाखवणारी पट्टी. तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध यावा लागतो. तो केसभर जरी सरकलेला दिसला, तरी हा बसवलेली फरशी उचलायला लावायचा. एकदा एका जोडीदाराने पट्टीच्या टोकाखाली बारीक खडा सरकवून बुडबुडा मधे आणून दाखवला. त्याला याने तिथल्या तिथे घरी पाठवलं. "फरशी वाकडी असली तर सरळ करता येते. पाणसळीशीच खोटं बोलणाऱ्याचं काय करायचं?" ही गोष्ट तो पुढे बरीच वर्षं ऐटीत सांगायचा.

घरातून कॉलेजात जाणारी त्याची मुलगी पहिलीच. कॉलेजात नव्या मुलांसाठी गणिताचे दोन वर्ग होते: एक पायाचा, दुसरा थेट वरचा. कोणी कुठे बसायचं ते ठरवायला घरीच कॉम्प्युटरवर एक चाचणी होती. मुलगी बसली, तसा हाही स्टूल ओढून शेजारी बसला.

"बाबा, एकटीनं द्यायचीय. इथं कुणी पास-नापास होत नाही."

"मी काय करतोय? नुसता बसलोय."

टाकीत किती पाणी मावेल, असा प्रश्न आला. ती विचार करत होती, तेवढ्यात याने उत्तर सांगून टाकलं. मग उताराचं आलं, मग तिरक्या खोलीच्या क्षेत्रफळाचं. जन्मभर हेच केलेलं, तोंड आवरेना. मुलगी आधी रागावली, मग हसली, मग लिहीत गेली. पोरगी अडली आणि बाप गप्प बसला, असं त्याच्या हिशेबात बसतच नव्हतं. नापास कोणी होत नाही, तर ही चाचणी कशाला, हे मात्र त्याने विचारलं नाही.

निकाल आला: वरचा वर्ग घ्यायला हरकत नाही.

"मी पायाचाच घेऊ का?" मुलगी म्हणाली.

"उचललेलं ओझं खाली ठेवायचं नाही," तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत आळीभर सांगून आला.

पहिला महिना संपता संपता मुलीचं बोलणं कमी झालं. सकाळी ताट अर्धं तसंच राहायचं. याला वाटलं, कॉलेजचं वारं लागलं.

"बैठक नाही तुला," त्याने एकदा सुनावलं. "मी दिवस दिवस गुडघ्यांवर काढलेत. तुला खुर्चीवर बसवत नाही!"

ती वही घेऊन आत गेली. बायको मात्र म्हणाली, "अहो, बसलेलीच असते ती. तुम्ही बघता कुठं?"

एका दुपारी मुलगी स्वयंपाकघरात आईशी बोलताना त्याच्या कानावर पडली. "माझं डोकंच नाही गं त्याला. बाकीच्यांना कळतं, मला नाही. परवापर्यंत वर्ग बदलता येतो, पण मी कॉलेजच सोडते."

तो गुपचूप तिच्या टेबलाशी गेला. तिथे पडलेल्या कागदावर एकच गणित होतं. इतक्या वेळा खोडलेलं, की कागदाला भोक पडलं होतं. आळशी माणसाच्या हाताने कागद असा फाटत नाही. मेहनत म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो शेजारच्या स्टुलावर बसला. ते तेच स्टूल होतं. खडा कोणी सरकवला होता, ते त्याला आता दिसलं. जोडीदाराने निदान स्वतःच्याच फरशीसाठी सरकवला होता.

मुलगी आत आली.

"डोकं तुझं ठीक आहे," तो म्हणाला. "चाचणी मी दिली. वर्गात मात्र तू बसलीस."

"लिहिलं तर मीच ना."

"तू पोर आहेस. मी पाणसळ म्हणवतो." तो स्टुलावरून उठला. "उद्या तुझ्या गणिताच्या बाईंकडे जाऊ. मी सांगतो."

गणिताच्या बाईंसमोर तो उभाच राहिला, खुर्ची दिली तरी. त्याने झालं ते सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. "पुष्कळ घरांत होतं असं," त्या म्हणाल्या. "पण हिला पुन्हा चाचणी द्यावी लागेल. इथंच, आत्ता. तुम्ही बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर तो बसून राहिला. समोरच्या भिंतीलगतची फरशी एका टोकाला उचललेली होती. एरवी त्याने शिपायाला बोलावून दाखवली असती. आज नजर खाली गेली.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा हलका होता.

"पायाचा वर्ग. सोमवारपासून."

"बरं झालं."

"टाकीचं गणित आजही होतं, बाबा. चुकलं माझं."

"कुठं चुकलीस? आधी लांबी आणि—" तो थांबला.

ती हसली. जिना उतरायला लागले तसा सवयीने तिने त्याचा कोपर धरला. गुडघ्यांमुळे त्याला एकेक पायरी उतरावी लागायची. अर्ध्या जिन्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, मला बैठक आहे."

"आहे," तो म्हणाला. तिच्याकडे बघणं काही त्याला जमलं नाही.