पट्टीची मागची बाजू

ईसीजी काढायला मी बारामतीत शिकले. शिकवणारे सर तेव्हा साठीला टेकलेले आणि कामात भयंकर काटेकोर. लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला, हे त्यांनी माझ्याकडून इतकं घोकून घेतलं की मी स्वयंपाक करतानाही तेच पुटपुटायची. मग छातीला चिकटणारे सहा रबरी फुगे. मशीनमधून निघणाऱ्या कागदी पट्टीवर सुरुवातीला दहा बारीक घरं उंचीचा चौकोन उमटला नसेल, तर मशीनवर विश्वास ठेवायचा नाही. एक बारीक घर म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. ठोक्याची मधली टोकदार लाट तीन घरांच्या आत मावली पाहिजे.

एवढं झालं की सर पट्टी उलटी करायचे आणि जे दिसलं ते मागे बॉलपेनने लिहायचे. पुढे सगळं छापलेलं असताना मागे कशाला, असं मी एकदा विचारलं. "पुढचं उडून जातं," ते म्हणाले. बाहेर रांग वाढलेली असायची आणि म्हातारा लिहीत बसलेला. आम्ही मुली मागे खूप हसायचो. इंदापूरला एका छोट्या दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवसापासून मी ते लिहिणं सोडून दिलं.

तिथेच एका दुपारी सणसरचे एक तात्या आले. ऊसवाले, सत्तरीचे. मुलाने मोटारसायकलवर बसवून आणलेले. छातीवर धोंडा ठेवल्यावानी वाटतंय म्हणत होते, पण शर्टाचं बटण काही काढू देईनात. माझा पारा चढला. तेवढ्यात त्यांनी मुलाला पाणी आणायला पिटाळलं आणि खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

ती ईसीजीची पट्टी होती. लॅमिनेट केलेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीठिक्कर. तिच्यात मला माझा चेहरा दिसला आणि वर फिरणारा पंखा.

"माजी हाय. बारामतीत काढलेली," तात्या हळू आवाजात म्हणाले. "आधार, सातबारा समदं प्लॅस्टिकात घालून घेतलं, तवा हीबी दिली. मशीनीतनं निघाली ती अशी. पुढच्या खेपेला गेलो तर कळलं, ज्या मास्तरांनी काढली ते त्याच राती झोपेत गेले. आता तू काढू नगंस, पोरी. तुला काय झालं म्हंजे?"

मास्तर म्हणजे माझेच सर. सर झोपेत गेले हे मला ठाऊक होतं. त्यांच्या हातची त्या दिवसाची पट्टी माझ्यासमोर येईल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

मी मशीनमधला कोरा कागद ओढला आणि त्यावर नखाने जोरात रेघ मारली. काळी रेघ उमटली. "हा कागद उष्णतेनं काळा पडतो, तात्या. नखाच्या घासण्यानंसुद्धा. लॅमिनेशनचं मशीन तर तापलेलंच असतं."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "कागदाचं कळलं. मास्तरांचं काय?"

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "पण पट्टी काढली नाही आणि तुम्ही गेलात, तर ते माझ्या मानगुटीवर बसेल." तेव्हा कुठे त्यांनी बटणं काढली. पट्टी निघेपर्यंत ते छताकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

मधली लाट रुंद होती. चार घरं. डॉक्टर मॅडमनी पट्टी पाहिली आणि त्यांचा आवाज बदलला. "जुना ईसीजी आहे का? हे आधीपासून असेल तर थांबता येईल. नवं असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं लागेल, आणि या वयात त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो." मी ती काळी पट्टी पुढे केली. मॅडमनी ती खिडकीशी धरली, तिरकी केली. काही दिसेना. त्या चिडल्या आणि त्यांनी सिस्टरना इंजेक्शन काढायला सांगितलं.

तेव्हा मला सरांची खोड आठवली. मी पट्टी उलटी केली. मागची बाजू करडी पडली होती, पण प्लॅस्टिकखाली निळी, बारीक अक्षरं जशीच्या तशी होती. 'मधली लाट रुंद, चार घरं. दोन वर्षांपूर्वीच्या पट्टीतही अशीच. पुढच्याने घाबरू नये.'

पुढची मीच होते. सर माझ्याशीच बोलत आहेत असं वाटलं, आणि आपण त्यांना हसलो होतो याची मनापासून लाज वाटली.

मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि इंजेक्शन बाजूला ठेवायला सांगितलं. रक्त तपासायला गेलं. पुढचा तासभर दर पंधरा मिनिटांनी मी नवी पट्टी काढत राहिले. चारही पट्ट्या सारख्याच आल्या, रक्तातही काही निघालं नाही. संध्याकाळपर्यंत छातीवरचा धोंडा उतरला, तरी मॅडमनी त्यांना रात्रभर ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार किलकिलं झालं. तात्या. आत आले नाहीत. मला नीट न्याहाळलं, "हायस व्हय," म्हणाले आणि वॉर्डात परत गेले.

आता ते दर सहा महिन्यांनी येतात. मी पट्टी काढते, उलटी करते आणि बॉलपेनने लिहिते: लाट रुंद, चार घरं, पूर्वीसारखीच. तात्यांना त्यात रस नसतो. ते शेवटच्या ओळीसाठी थांबतात, ती त्यांनी मागून घेतलेली आहे. ती लिहिण्याआधी मी टेबलाखाली हात नेऊन स्वतःची नाडी मिनिटभर मोजते, कारण पट्टीवर खोटं लिहायचं नाही. मग लिहिते: 'काढणारी बरी आहे.'