बंद खोलीची कादंबरी

बाजारात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा तो तेलकट, हिरवा वास आला की मला चामराजपेटेतलं आमचं मागचं अंगण आठवतं, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला अभ्यासाला लावलेली ती इंग्रजी भयकादंबरी.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुली वर्गात सांगायच्या, वाचून झोप उडाली. मी कन्नड शाळेतली. दर ओळीला डिक्शनरी उघडायची, आणि अर्थ सापडेपर्यंत भीती कुठल्या कुठं पळालेली असायची. धुकं, ओसाड हवेली, सगळं कळत होतं; अंगावर काटा तेवढा येत नव्हता. आपण मठ्ठ आहोत असं वाटून रडू यायचं.

एका दुपारी शेंगा सोलत बसलेल्या अक्कापुढं, माझ्या थोरल्या बहिणीपुढं, मी ते पुस्तक आपटलं.

"आहे काय एवढं त्यात? सांग तरी," ती म्हणाली.

मी चिडूनच सांगितलं, "हवेलीत एक खोली आहे. आत कुणीतरी चालल्याचा आवाज येतो. घरातले म्हणतात, खोली रिकामी आहे. दाराला कडी आहे."

अक्काचे हात थांबले. "स्वल्प थांब गं. कडी बाहेरून, का आतून?"

मी पान काढलं. त्या ओळीवर मीच पेन्सिलीनं अर्थ लिहून ठेवला होता: आतून.

भर उन्हात माझे हात गार पडले. आज याचं हसू येतं. तेव्हा मात्र राग आला, अक्काचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"सरी, बरं, पुढं वाच," अक्का म्हणाली.

मला पान उलटवेना.