साहेब शब्दाचा पक्का

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या ज्या हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, तिथल्या टी-रूममध्ये निम्मे लोक ब्रिटनमधून पळून आलेले आहेत. ‘पळून’ हा शब्द त्यांचाच. सकाळची ऑपरेशनं आटपली की चहाचे कप घेऊन बसतात आणि मागे सोडून आलेल्या सरकारचा उद्धार करतात. मीही तिथूनच आले, अकरा वर्षं राहून, त्यांचाच पासपोर्ट घेऊन. पण माझ्याकडे बघून माझी गणना कुणी त्या पळालेल्यांत करत नाही, आणि मीही आठवण करून देत नाही.

तिकडे निवडणूक होऊन सरकार बदललं, त्या जुलैत तर दुसरा विषयच नव्हता. उत्तर इंग्लंडची एक नर्स चहात बिस्किट बुडवत म्हणाली, "इट्स ऑल द सेम, मेट. कुणीही येऊ दे, खोटंच बोलणार." सगळे हसले. मला मात्र तिचा असा राग आला की कप तसाच ठेवून मी उठले. हिने कधी कुणावर विश्वास ठेवला होता? ज्याने विश्वासच ठेवला नाही, त्याची फसवणूक ती काय होणार? विश्वास ठेवला होता माझ्या बापाने. पुण्यात, दोन खोल्यांत एकट्याने राहून, शहात्तराव्या वर्षी.

बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. कोणती फाइल कुणाच्या टेबलावर का झोपते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या सरकारवर त्यांचा काडीचाही भरवसा नव्हता. पण ब्रिटनचं नाव निघालं की हाच माणूस वेगळा व्हायचा. "आपल्याकडचं सोड गं. काहीही म्हण, साहेब शब्दाचा पक्का." जुन्या धरणांचे दाखले द्यायचे, साहेबाने बांधलं ते अजून गळत नाही म्हणायचे. आणि साहेबाने इथून काय काय नेलं, असं मी विचारलं की म्हणायचे, चहा घे, निवतोय.

इंग्लंडात आम्ही राहायचो त्या गावात मराठी मंडळ होतं, चाळीसेक घरांचं. गणपतीला तिथल्या खासदाराला बोलवायची पद्धत होती. आपल्या लोकांना सत्काराची भारी हौस. माणसाने आधी काम करावं आणि मग त्याचा सत्कार व्हावा, एवढा धीर आपल्याला नसतो. आधी शाल-श्रीफळ, मग अपेक्षा. खासदार तेव्हा विरोधी पक्षात होता. उंच, हसरा, प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरून बोलणारा. त्याने शाल पांघरून घेतली, नारळ छातीशी धरून फोटो काढले, तीन उकडीचे मोदक खाल्ले आणि "मोरया" म्हणाला. तेवढ्यावर आम्ही खूश. भारतीय पासपोर्ट असूनही तिथे राहणाऱ्याला मत देता येतं, याचंच मला तेव्हा केवढं अप्रूप! त्याच्या प्रचाराची पत्रकं मी पावसात प्रॅम ढकलत घरोघर टाकली आहेत. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

आई गेली आणि बाबा एकटे पडले. मी एकुलती. त्यांना कायमचं आमच्याकडे आणायचं ठरवलं तेव्हा नियम वाचला. वृद्ध आई-वडिलांना आणायचं, तर त्यांना अंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः जमत नाही हे सिद्ध करा. आणि त्यांच्या देशात त्यांचं करायला पैसे देऊनसुद्धा कुणी मिळत नाही, हेही सिद्ध करा. म्हणजे माणूस आधी लुळापांगळा हवा आणि वर निराधार हवा. बाबांना अंघोळ जमत होती. त्यांना जमत नव्हतं ते एकट्याने जेवायला. दुपारचा भात ते उभ्या उभ्या, ओट्यापाशीच खायचे. पण त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

त्या वर्षीच्या गणपतीत मी खासदाराला बाजूला घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी येईल की काय इतका कळवळला. हा नियम अमानुष आहे, म्हणाला. आम्ही सत्तेत आलो की पहिल्या वर्षात तो जाईल, आणि तोवर तुमच्या वडिलांच्या अर्जात मी जातीने लक्ष घालतो. "लीव्ह इट विथ मी." माझ्यावर सोडा. मी सोडलं.

हे फोनवर सांगितल्यावर बाबांनी त्याला आपल्या सरकारी इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं आणि त्याचं उत्तर आलं. पार्लमेंटच्या कागदावर, शाईच्या सहीचं. तुमच्या अर्जात मी लक्ष घालतोय, तुमचं स्वागत करायला उत्सुक आहे, अशा अर्थाचं काहीतरी. बाबांनी ते सोसायटीतल्या चार पेन्शनरांना दाखवून आणलं. "बघा, एका परक्या म्हाताऱ्याला खासदार उत्तर लिहितो. आपल्याकडे नगरसेवकाचा शिपाई तरी लिहील का?"

मग अर्ज भरला. आमच्या पुण्याच्या डॉक्टरांना जग कळत होतं. त्यांनी सर्टिफिकेट दिलं की पेशंटला अंघोळ आणि कपडे घालणं मदतीशिवाय शक्य नाही. कागद एजंटकडे जाण्याआधी बाबांनी वाचला आणि त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी निळं पेन काढलं, ‘शक्य नाही’वर पट्टीने रेघ मारली, वर ‘शक्य आहे’ असं इंग्रजीत लिहिलं, आणि खात्यात छत्तीस वर्षं जे केलं तेच केलं. खाडाखोडीच्या शेजारी लघुस्वाक्षरी आणि तारीख. मला याचा पत्ता नकार आल्यावर लागला.

"बाबा, काय करून बसलात हे?" मी फोनवर अक्षरशः ओरडले.

"अगं, खोट्या कागदावर सही कशी राहू द्यायची? आणि त्याने लिहून दिलंय ना, लक्ष घालतो म्हणून. मग खऱ्यावर होईल की."

मी खासदाराच्या ऑफिसात गेले. त्याने मान एका बाजूला कलती करून वाईट वाटल्याचं सांगितलं. मी विरोधी पक्षात, माझे हात बांधलेले, पण आमचं सरकार येऊ दे. त्याच्यामागे भिंतीवर आमच्याच मंडळात काढलेला फोटो लावला होता, शाल आणि नारळासकट. आम्ही त्याला बोलावलं नसतं तर त्याच्या भिंतीवर एक फोटो कमी झाला असता, एवढाच आमचा त्याला उपयोग होता. मराठीत याला कोपराला गूळ लावणं म्हणतात. जीभ पोचत नाही आणि आशा सुटत नाही.

वर्षाच्या आत आम्ही ते गाव सोडलं. नवऱ्याला डार्विनला गॅसच्या प्रकल्पावर काम मिळालं, मला हॉस्पिटल. इथेही आई-वडिलांच्या कायमच्या व्हिसाला रांग आहे, पण ती कितीक दशकांची आहे हे ते स्वतःच वेबसाइटवर लिहून ठेवतात. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाला आणखी तीसेक वर्षांनी या म्हणणारं सरकार मला, खरं सांगते, त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटलं. तोंडावर नाही म्हणतात. गोड बोलून तोंडाला पानं पुसत नाहीत.

मी पुण्याला परत का गेले नाही, हे मला सगळ्यांनी विचारलंय आणि सगळ्यांना मी वेगवेगळं उत्तर दिलंय. मुलीची शाळा, नवऱ्याचं काम, माझं रजिस्ट्रेशन. सगळी कारणं खरी आहेत. खरं कारण एवढंच की मला जायचं नव्हतं. बाबांनी ते कधी विचारलं नाही.

तर त्या जुलैत बाबांचा फोन आला, मी टी-रूममधून उठून गेले त्याच दिवशी. आवाजात दहा वर्षं कमी झाली होती. "आले बघ तुझे ते! आता सत्तेत आहेत. पहिलं वर्ष म्हणालाय ना तो? तुमच्याकडे पासपोर्ट आहेत तिथले. नियम गेला की परत जा आणि अर्ज कर. मी पथ्याने राहतोय." त्र्याऐंशीचा माणूस ब्रिटनचं सरकार बदललं म्हणून साखर सोडून बसला होता. मी त्या संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "नियम बदलला तर जाऊ. मी नाही म्हणणार नाही." शेजारून मुलगी म्हणाली, "मॉम, व्हाय डज आजोबा स्टिल बिलीव्ह देम?" मी तिला ताट उचलायला सांगितलं.

खासदाराला लिहिलं. आता त्याला सरकारात कसलंसं छोटं पद मिळालं होतं. वेबसाइटवरचा फॉर्म आधी त्याच्या मतदारसंघातला पोस्टकोड मागायचा, म्हणून आमच्या जुन्या घराचा टाकला. बाबांचं नाव, अर्जाची हकीगत, त्याचं स्वतःचं पत्र, सगळं जोडलं. आठ आठवड्यांनी उत्तर आलं. या विषयावर लोकांच्या भावना तीव्र आहेत याची मला जाणीव आहे. सरकार सर्वच धोरणांचा सतत आढावा घेत असतं. बाबांचा उल्लेख नाही, पत्राचा नाही. खाली त्याचं बातमीपत्र दरमहा हवं असेल तर टिक करायला चौकोन होता. पुढच्या काही महिन्यांत तर हेच लोक टीव्हीवर सांगू लागले की बाहेरून येणाऱ्यांचे नियम आणखी कडक करणार. आधीच्या सरकारची भाषणं यांच्या हातात आयती आली असावीत. टी-रूममधली ती नर्स मला म्हणाली, "टोल्ड यू, डिडन्ट आय?" यावेळी मी उठून गेले नाही. मी त्या सरकारला एक घाण शिवी घातली. तिला मजा वाटली.

बाबांना मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. दर रविवारी ते विचारायचे आणि दर रविवारी मी म्हणायचे, "पत्रव्यवहार चालू आहे, बाबा. बघते." ते विचारायचे, "आवक नंबर मिळाला का?" मी म्हणायचे, मिळाला, कागद जवळ नाही, नंतर सांगते. असं सवा वर्ष चाललं. खोटं बोलायला मला त्रास झाला म्हणावं तर तसंही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून ते आपोआप यायला लागलं.

ऑक्टोबरात, उकाडा चढत गेलेल्या एका दुपारी, दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात पुण्याच्या अनोळखी नंबरवरून फोन आला. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई बोलत होत्या. "तुमचे वडील माझ्यासमोर बसलेत. प्रवेशाचा अर्ज भरून झालाय. एकच रकाना राहिलाय, तो तुम्हाला विचारून भरायचाय."

मी म्हटलं, त्यांना द्या.

"अगं, घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "खोली चांगली आहे. पंगतीला बारा-पंधरा जण असतात जेवायला."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, थांबा, बघू."

"पण तिकडून अजून..."

"पत्रव्यवहार चालू आहे म्हणजे काय, हे तू मला सांगणार?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "अशी उत्तरं मी छत्तीस वर्षं लोकांना लिहिलीत. पण लोकांना लिहिली, घरच्यांना नाही." आणि त्यांनी फोन बाईंना परत दिला.

बाई कामाच्या होत्या. "तातडीची वेळ आली तर जवळच्या नातेवाइकाने किती तासांत पोहोचायचं, ते आम्ही लेखी घेतो. तुमच्याशिवाय कुणी नाही असं ते म्हणाले. किती लिहू?"

मी मनात मोजलं. डार्विनहून सिंगापूर, विमान रोज असतंच असं नाही. तिथून मुंबई, पुढे रस्ता. त्याआधी रजा, आणि माझ्या जागी दक्षिणेतल्या मोठ्या शहरांतून दुसरा भूलतज्ज्ञ येईपर्यंत मला कुणी सोडणार नाही. सगळं जुळून आलं तर तीन दिवस. एरवी पाच.

"चोवीस तासांत," मी म्हणाले. आवाज कुठेही अडखळला नाही. बाईंनी ते मोठ्याने म्हणत लिहून घेतलं, म्हणजे बाबांनीही ऐकलं असणार.

"एवढं सहीनिशी ईमेल करा मॅडम. आजच."

पुढचा पेशंट टेबलावर यायला दहा मिनिटं होती. मी प्रिंटरमधून कोरा कागद ओढला, माझं नाव आणि हुद्दा घालून दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि फोटो काढून पाठवून दिला.