झोपाळ्याचा सांधा

शकुनताई आपट्यांना वस्तू नुसती वापरता येत नाही, उघडून बघावीच लागते. चारुदत्तरावांची बँकेची नोकरी बदल्यांची. गाव बदललं, घर बदललं, पण बाईंनी प्रत्येक घरात मिक्सर, इस्त्री नाहीतर पाण्याची मोटर खोलून पुन्हा जोडलीच. शेवटची बदली कोलकात्याला झाली आणि निवृत्तीनंतर बराकपूरला अंगणवालं छोटं घर घेतलं. तिथे त्या वेल्डिंग शिकल्या. साठीनंतर! बायका भजनी मंडळात जातात, ह्या मात्र ग्रिलवाल्याच्या दुकानात जाऊन बसल्या.

चारुदत्तरावांना मात्र पुण्याला परतायचं होतं. "भाड्याच्या घरांत जन्म गेला, एक झोपाळा टांगता आला नाही," हे त्यांचं कायमचं गाऱ्हाणं.

शकुनताईंनी तेच पकडलं. "टांगायला छत कशाला? लोखंडी चौकट करते अंगणात. दसऱ्याला दोघं झोपाळ्यावर बसलो तर इथेच राहायचं. नाही जमलं तर विका घर, मी हूं की चूं करणार नाही."

चारुदत्तराव हो म्हणाले.

माणसं बसणार म्हणजे सांधा पक्का हवा. आतापर्यंत त्या पोटात पावडर भरलेली तार वापरायच्या. तिला गॅस लागत नाही, पण सांध्यावर मळी फार साचते. म्हणून आता गॅस. चारुदत्तरावांनीच टोटोतून, म्हणजे तिथल्या बॅटरीच्या रिक्षातून, सिलिंडर आणला. बाईंनी तो खांबाला साखळीने बांधला, रेग्युलेटर बसवला, जोडावर साबणाचा फेस लावून गळती तपासली. भरीव तार घातली. ह्या तारेला वेल्डिंगची गन प्लसला जोडावी लागते, आधीच्या तारेच्या बरोब्बर उलट, म्हणून यंत्रातल्या वायरींचीही अदलाबदल केली. मग मास्क खाली घेऊन ट्रिगर दाबला.

सांध्याला जाळी पडली. घावनाला शोभते, लोखंडाला नाही! हातोडीच्या एका दणक्यात तुकडा निखळला.

गॅसचं काम वितळलेल्या लोखंडावर पांघरूण घालायचं. बाहेरची हवा शिरली की भोकं पडणारच. पण हवा शिरते कुठून? बाईंची झोप उडाली. गॅस वाढवला, गंज घासला, वायरी पुन्हा पाहिल्या. जाळी काही हटेना. गल्लीत दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू उभे राहिले. चारुदत्तराव बिचारे पहिल्या दिवसापासून रोज मागे उभा पंखा लावून द्यायचे. "घामाघूम झालीस गं."

एका सकाळी ते मित्राकडे बालीगंजला गेले आणि त्या दिवशी सांधा आला एकसंध, गुळगुळीत. "अगं बाई! आज मी वेगळं काय केलं?" काहीच नाही. घामाने मास्कची काच तेवढी धुरकटली होती. घाम! म्हणजे आज पंखाच नाही! त्यांनी पंखा लावून पाहिला: जाळी. बंद केला: साफ. मग केवळ मजा म्हणून पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

चारुदत्तराव परतले तशा त्या धावल्याच. "अहो, पंखा! वाऱ्याने गॅस उडून जात होता!"

चारुदत्तराव सांध्याकडे बघत राहिले. आश्चर्याचा एक शब्द नाही. ह्या माणसाला खोटं कधी जमलंच नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सिलिंडरवाला म्हणाला होता, पंखा मत चलाना."

"म्हणजे मुद्दाम?"

"पहिल्या दिवशी नाही गं. विसरलो होतो. जाळी पडली तेव्हा आठवलं."

शकुनताईंचं डोकं सणकलं. हातमोजे जमिनीवर आपटले. "लाज नाही वाटली? मी इथे रात्र रात्र जागतेय, आणि तुम्ही..."

"वाटली. रोज वाटली. पण मला घरी जायचंय, शकुन."

"मग तोंड उघडून सांगायचंत!"

"पैज तू लावलीस. राहायचं का, हे विचारलंस कधी?"

राग होताच. पण पैज आता जिंकल्यातच जमा असूनही बाईंना बरं वाटेना. त्यांनी गॅस बंद केला. मग खडू घेतला आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर खुणा केल्या.

"इथे वेल्डिंग नको," त्या म्हणाल्या. "नटबोल्ट लावते. सुटी करून ट्रकमध्ये घालता आली पाहिजे."